नमुन्याची नऊ माणसं

हेमांगीच्या स्वभावात एक खोड होती. कोणतीही वस्तू रिकामी दिसली की तिला चैन पडत नसे. घरात नवा डबा आला की त्यात मूठभर डाळ तरी पडलीच पाहिजे. जळगावच्या एका कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकवायची आणि मुलांनाही हेच सांगायची, की बाबांनो, प्रोग्रॅम लिहिलात ना, मग त्याला आधी खोटंनाटं काहीतरी खायला घाला, त्याशिवाय त्याचं पोट कुठे दुखतंय ते कळत नाही. मुलं हसायची. बाईंच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती. फक्त ही खोड तिने माहेरच्या पितरांपर्यंत नेली, तिथे घात झाला.

माहेर धुळ्याचं, देवपुरातलं. घरात तिची आई मंजुळाबाई, धाकटा भाऊ कुंदन आणि त्याची बायको मोनाली. कुंदनचं पाण्याच्या जळालेल्या मोटारींची तार नव्याने भरून द्यायचं दुकान होतं. मंजुळाबाईंना चौऱ्याहत्तरावं लागलं होतं आणि वर्षभरापासून त्यांच्या डोक्यातून बारीकसारीक गोष्टी निसटू लागल्या होत्या. भाजीत मीठ दोनदा पडायचं, चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्म्याचा शोध चालायचा. मात्र एक गोष्ट अजून पक्की होती, ती म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसांची नावं. चौदा नावं होती. कोण कुठल्या गावचं, कशाने गेलं, कुणाला काय खायला आवडायचं, सगळं तोंडपाठ.

आवडीचं खाणं लक्षात ठेवावंच लागतं, कारण आखाजीला ते लागतं. अक्षय तृतीयेला खानदेशात पितरांची आगारी टाकतात. चुलीतले निखारे काढायचे, एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या आवडीचा घास तुपासकट निखाऱ्यावर सोडायचा. नाव नाही तर घास नाही, इतका सरळ हिशेब. मंजुळाबाई चौदा घास सोडत आणि मग पंधरावा घास निखाऱ्यांच्या बाजूला, नुसत्या जमिनीवर ठेवत. कुणाचं नाव न घेता.

तो कुणाचा, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. हेमांगी आणि कुंदन यांच्यामध्ये एक मुलगा झाला होता. अकराव्या दिवशी गेला. बारसं दुसऱ्या दिवशी होतं. मंजुळाबाईंनी नाव मनात ठरवलेलं होतं, पण ते बारशालाच कानात सांगायचं म्हणून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, आणि नंतर सांगायला उरलं काय? हेमांगी तेव्हा पाच वर्षांची होती. कुणाकडून तरी मागून आणलेला पाळणा आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, डोक्यावर घेऊन परत नेला, एवढंच तिला आठवत होतं.

तिला ते नाव हवं होतं. आईच्या डोक्यातून चष्मा निसटला, मीठ निसटलं, उद्या हे नाव निसटलं तर तो मुलगा जगात कुठेच उरणार नव्हता, ही गोष्ट तिला दिवसरात्र खात होती. सरळ विचारायची हिंमत होत नव्हती. म्हणून तिने आडवाट धरली. स्वतःच्या लॅपटॉपवर तिने घरचा एक विकी तयार केला. माणसागणिक एक पान, पानावरच्या कुठल्याही नावावर बोट ठेवलं की त्या माणसाचं पान उघडणार. नाव, गाव, नातं, जाताना वय, कशाने गेले, आवडीचं खाणं. चौदा जणांची माहिती आईकडून काढत काढत पंधराव्यापर्यंत पोचायचं, असा तिचा बेत होता.

पण पानं रिकामी होती, आणि रिकामं पाहून हेमांगी गप्प बसेल तर ती हेमांगी कसली! मार्चमधल्या एका रविवारी तिने वीसेक नावं, आठ-दहा गावं, दहा-बारा पदार्थ आणि माणसं कशाकशाने मरतात त्याची एक यादी कॉम्प्युटरला दिली आणि म्हटलं, यातून वाटेल तसं उचल आणि मला नऊ माणसं करून दे. एक कळ दाबली. क्षणात माणसं तयार. चिंधा, गाव नशिराबाद, चुलत आजोबा, साप चावून, कळण्याची भाकरी. रुपचंद, चाळीसगाव, तापाने, शेवभाजी. कामिनी, बोदवड, विहिरीत पडून, खापरावरची पुरणपोळी. वाचताना तिला गंमतही वाटली. प्रत्येक पानावर 'नमुना' अशी खूण पडेल आणि 'गेलेले' अशीही पडेल, याची सोय तिने केली होती. त्याशिवाय यादीचं पान नीट चालतं की नाही ते कळलं नसतं. हे यादीचं पान तिने कुंदनसाठी केलं होतं, 'आगारीची नावं'. 'गेलेले' ही खूण असलेलं प्रत्येक नाव त्यात आपोआप यायचं आणि ते त्याच्या मोबाईलवर दिसायचं. आई एखादं नाव विसरलीच तर हाताशी असावं म्हणून.

नमुन्याची पानं मागाहून काढू, असं तिने ठरवलं. मग परीक्षा आल्या, पेपरांचे गठ्ठे आले, आणि मागाहूनचं मागेच राहिलं.

आखाजीला तिची बस रस्त्याच्या कामात अडकली. देवपुरात रिक्षातून उतरली तेव्हा साडेबारा झाले होते. ऊन असं की गल्लीत कुत्रंही नव्हतं, सगळी दारं लोटलेली. घराच्या पायरीवर पाऊल ठेवलं आणि आतून कुंदनचा आवाज आला, "रुपचंद, चाळीसगाव. शेवभाजी."

नमुन्याची पानं काढायची राहूनच गेली होती.

आत मंजुळाबाई निखाऱ्यांसमोर बसल्या होत्या आणि त्यांची चौदा नावं झाल्यावर कुंदन मोबाईलकडे बघून उरलेलं एकेक नाव वाचत होता. आगारी मध्ये थांबवता येत नाही. नाव घेतलं की घास द्यावाच लागतो. ती दारातच चप्पल काढून उभी राहिली. तिच्या डोळ्यांदेखत रुपचंदच्या नावाने शेवभाजीचा घास पडला आणि निखाऱ्यातून हातभर जाळ उठला. जाळ उठला की घास पोचला, असं म्हणतात. कामिनीच्या पुरणपोळीलाही तसाच जाळ. कुंदन खूश झाला. "बघ माय, कसा पेटतोय! मघाशी आप्पांच्या नावाला नुसता धूर निघाला होता."

शेवटी तो दाराकडे बघत म्हणाला, "किरण. अक्का, इथे खाणं लिहायचं राहिलंय का?"

मंजुळाबाईंचा हात हवेतच थांबला. मग त्यांनी शेजारच्या वाटीतल्या दुधात बोट बुडवलं आणि एक थेंब निखाऱ्यावर सोडला. जाळ उठला नाही. बारीक चर्र झालं आणि विझलं.

"चोवीस झाली," कुंदन म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदाच मंजुळाबाईंनी बाजूला जमिनीवर घास ठेवला नाही. थकल्या असतील, असं हेमांगीला वाटलं.

मागच्या दारी नेऊन तिने कुंदनला सगळं सांगितलं. तो पोट धरून हसला. "म्हणजे जन्मालाच न आलेली माणसं आपल्याकडे जेवून गेली? जाऊ दे अक्का. पोट भरून गेली ना, आशीर्वाद देतील." त्याचं म्हणणं तिलाही पटल्यासारखं झालं. आमरसाच्या ताटावर बसल्यावर मंजुळाबाई सहज म्हणाल्या, "चिंधा आबा डावखुरा व्हता. पंगतमा त्याना कोपर दुसराले लागे, म्हनीसन तो कोपरामा बशे."

हेमांगीने मनातल्या मनात चिंधाचं पान आठवलं. पानावर डावखुरं वगैरे काहीही नव्हतं.

पुढचे पंधरा-वीस दिवस कॉलेजला सुट्टी होती म्हणून ती माहेरीच राहिली. रोज त्या नऊंपैकी कोणीतरी आईच्या बोलण्यात निघायचं. रुपचंदला मिशीला तेल लावायची सवय होती. कामिनी विहिरीत पडली नव्हती, तिला ढकललं होतं, आणि कुणी ढकललं तेही मंजुळाबाईंना माहीत होतं. सांगताना त्यांचे डोळे लकाकायचे. इतकं रसभरीत त्या आपल्या सख्ख्या माणसांबद्दलही कधी बोलल्या नव्हत्या. मोनालीला तर मजा वाटायची, सासूबाई किती दिवसांनी मोकळ्या झाल्या म्हणून.

हेमांगीला मात्र दुसरंच काही दिसू लागलं. ज्या दिवशी चिंधा आला, त्या दिवसापासून आईला स्वतःच्या सासऱ्यांचं नाव येईना. रुपचंदच्या मिशा आल्या आणि सासूबाई गेल्या. कामिनी आली, त्या संध्याकाळी मंजुळाबाई स्वतःच्या आईचं गाव विसरल्या. एक आत येत होतं आणि एक बाहेर जात होतं. डॉक्टरांनी वयाचं कारण सांगून गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी झोप तेवढी वाढली.

एका दुपारी हेमांगी पाणी प्यायला उठली तर आई दाराच्या फटीतून बाहेरच्या ओट्याकडे बघत उभी. बाहेर ऊन नुसतं भाजत होतं.

"काय बघतेस माय?"

"बठ्ठा जन ओटावर बशेल शेतस," मंजुळाबाई हळूच म्हणाल्या. "म्हनतस, आम्ही कोठेच नव्हतूत. तुम्हीन आमले बलावं, खावाले दिधं. आते आम्ही कोठे जाऊत?"

हेमांगीने दार उघडलं. सगळेजण बसलेत म्हणावं, तर ओटा रिकामा होता. पण ओट्यावर ओळीने पाण्याचे गोल डाग होते, तांब्या टेकवल्यावर पडतात तसे, आणि असल्या उन्हात पाणी क्षणभर टिकलं नसतं. तिने मोजले नाहीत. दार लावून घेतलं आणि कडी घातली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मंजुळाबाई भिंतीवरच्या आप्पांच्या फोटोसमोर उभ्या राहिल्या. त्रेचाळीस वर्षांचा संसार होता तो. त्यांनी मोनालीला विचारलं, "हाऊ कोन मानूस शे? इतला दिन झाया, हार का बरं घालतस त्याले?"

मोनालीने धावत जाऊन कुंदनला सांगितलं. कुंदन दुकानात जायचा तो गेलाच नाही, ओसरीत डोकं धरून बसला. हेमांगीने ठरवलं, आता आडवाट पुरे. सगळं जाण्याआधी नाव तरी विचारून घ्यायचं. ती आईला घेऊन आतल्या खोलीत बसली, तिचा हात हातात घेतला, आणि पस्तीस वर्षं कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"माय, माझ्या पाठचा तो अकरा दिवसांचा. त्याचं नाव तू काय ठरवलं होतंस?"

मंजुळाबाईंनी तिच्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. "तूच ते लिखेल शे ना. कुंदननी आगारीले वाचं. किरण." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "मी कोन्हाले सांगेल नव्हतं. तुले कोनी सांगं व माय?"

हेमांगीला रडू फुटलं, पण ते संतापाचं होतं. किरण! त्या यादीतलं शेवटचं पान! चिंधाने सासऱ्यांची जागा घेतली, कुणी आप्पांची घेतली, आणि आता कॉम्प्युटरने वाटेल तसं उचललेलं एक नाव तिच्या भावाच्या जागेवर येऊन बसलं होतं. खरं नाव त्याच्याखाली दबलं होतं. तिने लॅपटॉप उघडून ते पान पाहिलं. नाव किरण. वय अकरा. गाव, नातं, खाणं, सगळं कोरं. खाली नमुन्याची खूण. अकरा वर्षांचा कुणी पोरगा कॉम्प्युटरने बनवलाय, आणि तोही धड नाही, असं ती स्वतःशीच पुटपुटली.

ही माणसं गेली की आईची माणसं परत येतील. नावही येईल. तिला याची इतकी खात्री वाटली की दुसरा विचारच सुचला नाही. 'नमुना' ही खूण असलेली सगळी पानं तिने एकदम निवडली आणि काढून टाकली. पडद्यावर ओळ आली, दहा पानं काढली. तिने ती पुरती वाचलीही नाही.

बाहेरच्या ओट्यावरून पुष्कळ माणसं एकदम उठून गेल्यासारखा आवाज आला. मग गल्ली गप्प झाली.

स्वयंपाकघरातून मंजुळाबाईंची हाक आली, "हेमा, तुना आप्पाना फोटोवरना हार सुकी गया. नवा लई ये ना." कुंदन धावत आत गेला. तो एकेकाचं नाव विचारत होता आणि आई सांगत होती. सासरे, सासूबाई, स्वतःची आई, तिचं गाव, कोण कशाने गेलं, कोण काय खायचं. चौदाच्या चौदा. कुंदनने आईला कवेत घेतलं. मोनाली हसत होती आणि रडत होती. हेमांगीचा जीव भांड्यात पडला. 

सगळे शांत झाल्यावर ती आईजवळ टेकली. "आणि माय, माझ्या पाठचा? त्याचं खरं नाव?"

"कोन तुना पाठना? कुंदन ना?"

"कुंदनच्या आधीचा गं. अकरा दिवसांचा."

मंजुळाबाई हसल्या. निर्मळ, काही लपवत नसलेलं हसू होतं ते. "काय बी बोलस तू. माले दोनच लेकरं. तू आनि कुंदन."

हेमांगी उठली.  लॅपटॉपशी जाऊन तिने मार्चमधला तो प्रोग्रॅम उघडला. माणसं किती मागितली होती? नऊ. नावांची यादी तिने वरून खाली वाचली, खालून वर वाचली. वीस नावं होती आणि त्यांत किरण नव्हतं. वयाचा आकडा चाळीस ते नव्वद यांमधूनच उचलायला सांगितलेला होता. अकरा येणं शक्य नव्हतं.

काढलेली पानं महिनाभर एका पेटीत पडून राहतात. तिने पेटी उघडली. चिंधा होता, रुपचंद होता, कामिनी होती. नऊ पानं होती. दहावं नव्हतं.

"कुंदन," तिने ओसरीत येऊन विचारलं, "आखाजीला शेवटचं नाव कोणतं वाचलं होतंस?"

"शेवटचं? सुपडू का कोण. तेवीस नावं झाली बघ."

"चोवीस म्हणाला होतास."

"तेवीसच गं अक्का. आणि आता कशाला उकरून काढतेस? आई बरी झाली ना!"

"बरं, आपल्या मधला भाऊ तरी आठवतो का? अकरा दिवसांचा होऊन गेला तो?"

कुंदनने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ऊन लागलं असेल, थोडं पड, असं तो म्हणाला.

तेव्हा हेमांगीला सगळं उमगलं. नऊ जणांना तिने बोलावलं होतं. दहावा बोलावल्याशिवाय आला होता. इतकी वर्षं नावाविना जमिनीवर ठेवलेला घास बघत राहिलेलं ते पोर, परक्यांच्या रांगेत का होईना, पण नाव लावून उभं राहिलं होतं. आईने त्याला ओळखलं होतं, दूध दिलं होतं. आणि बहिणीने त्याला खोटा ठरवून हाकलून दिलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. आता तो एकट्या तिच्याजवळ होता, आणि तिच्याजवळही तो किती दिवस राहील याची तिला भीती वाटली.

ती उठली, तोंड धुतलं आणि नवं पान उघडलं. या वेळी प्रत्येक अक्षर हाताने लिहिलं. नाव किरण. गाव धुळे. वय अकरा दिवस. आई मंजुळाबाई. मग लॅपटॉप घेऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि आईच्या शेजारी बसून तिने ते मोठ्याने वाचलं, सावकाश, एकेक शब्द.

मंजुळाबाई मन लावून ऐकत होत्या. हेमांगी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिथे काही हलेल, काही उठेल, याची ती वाट बघत होती.

"नाव चांगलं शे," मंजुळाबाई म्हणाल्या. "कोनं लेकरू शे हाई? मंजुळाबाई नावनी दुसरी कोनी व्हती का?"

"आपल्याच घरचं आहे, माय."

"बिचारी माय त्यानी," मंजुळाबाई हळहळल्या. हातातली मेथी निवडता निवडता त्यांनी विचारलं, "मंग पुढली आखाजीले त्याले काय देवाना? काय खाये तो?"

"काही नाही," हेमांगी म्हणाली. "नुसतं दूध."